गाळात सिमेंट शेवटी टाका, आधी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्लेटिंग, गॅल्व्हनायझिंग, जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वितळवणे, रंगद्रव्ये तयार करणे अशा कामांतून धातूचा गाळ निघतो. तो सिमेंटमध्ये कालवला, ब्लॉक पाडले, की जबाबदारी संपली, असा समज आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत चांगलाच रुजला आहे. कोणी त्याच ब्लॉकांनी कंपाउंडचा पाया भरायचा सल्ला देतो, कोणी पेव्हर पाडून पार्किंगमध्ये टाकायचा. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही. सिमेंटने विषारी धातू बांधून ठेवता येतात हे मुळात खरेच आहे. पण सिमेंट ही या कामातली शेवटच्या टप्प्यातली पायरी आहे. ती पहिली केली तर काही धातू थोडेफार जखडले जातात, काही तसेच राहतात आणि एखादा तर पूर्वीपेक्षा जास्त मोकळा होतो. हे का होते आणि काम नीट करायचे तर काय काय लागते, ते तपशिलाने लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण हा विषय दोन ओळींत उरकल्यामुळेच असे समज पसरतात.

सिमेंट पाण्यात कालवले की त्यातला चुना सुटतो आणि मिश्रणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचे माप, ७ म्हणजे उदासीन) साडेबाराच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. अशा अल्कलीत बहुतेक जड धातूंचे हायड्रॉक्साइड होते आणि ते साक्यासारखे खाली बसते. पुढे सिमेंट घट्ट होताना कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिकट जेल तयार होतो. काही धातू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, काही त्याच्या रचनेत शिरतात. शेवटी हे सगळे एका घट्ट दगडात बंद होते, त्यामुळे पाणी आत शिरायला आणि विरघळलेला धातू बाहेर यायला बराच वेळ लागतो. तिन्ही गोष्टी उपयोगाच्या, पण भिस्त मुख्यतः पहिलीवर, म्हणजे पीएचवर. गफलत तिथेच होते.

प्रत्येक धातू कमीत कमी विरघळतो तो पीएच वेगवेगळा असतो. ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या) क्रोमियमला साधारण ७.५ ते ९, तांब्याला ८ ते ९, जस्ताला ९ ते १०, शिशाला साधारण ९.५ ते १०, निकेलला १० च्या थोडे वर, कॅडमियमला ११ च्या जवळ. यातले शिसे, जस्त आणि क्रोमियम दोन्हीकडून फसवतात. आम्लात विरघळतात आणि तीव्र अल्कलीतही विरघळतात. शिशाच्या गाळात "जरा सढळ हाताने सिमेंट टाका, म्हणजे काळजी नको" असे म्हणून सिमेंट वाढवले की अर्काचा, म्हणजे गाळातून निथळणाऱ्या पाण्याचा, पीएच १२ च्या वर जातो आणि खाली बसलेले शिसे पुन्हा पाण्यात येते. निकेल आणि कॅडमियमला मात्र चढा पीएच मानवतो. म्हणून सगळ्या गाळांना एकच प्रमाण सांगणारा कोणी भेटला, तर अर्काचा शेवटचा पीएच किती आला एवढेच त्याला विचारावे. उत्तर नसेल तर बाकीचे ऐकण्यात वेळ घालवू नये.

सगळ्यात जास्त घोळ हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेच्या) क्रोमियमचा आहे. हार्ड क्रोम, पिवळे पॅसिव्हेशन, क्रोमिक आम्लाची टाकी, जुनी क्रोमेट रंगद्रव्ये यांतून तो येतो. हा धातू पाण्यात क्रोमेट म्हणून, ऋणभार घेऊन वावरतो. त्याचे हायड्रॉक्साइड होत नाही, त्यामुळे अल्कलीत तो साक्यासारखा बसत नाही, खुशाल विरघळलेला राहतो. थोडासा क्रोमेट सिमेंटमधल्या एट्रिंगाइट नावाच्या स्फटिकांत सल्फेटच्या जागी शिरतो, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. असा ब्लॉक साच्यातून काढला तेव्हा अगदी राखाडी, सुबक दिसतो. उन्हात ठेवला की आतला ओलावा पृष्ठभागाकडे ओढला जातो, तिथे उडून जातो, आणि कडांवर, कोपऱ्यांवर, बारीक तड्यांच्या काठाने पिवळी भुकटी फुलते, भिंतीला लोणा लागावा तशी. हातमोज्याने पुसली तर मोज्यावर पिवळा डाग उमटतो आणि पुसलेली जागा ओलावा असेपर्यंत पुन्हा पिवळी होत राहते. ही भुकटी म्हणजेच क्रोमेट. श्वासावाटे गेलेला हेक्झाव्हॅलंट क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग करतो, हे वादातीत आहे. तमिळनाडूतले रानीपेट आणि कानपूर देहातमधले रनिया–खानचंदपूर इथे उघड्यावर पडलेल्या क्रोमियमच्या कचऱ्याने भूजल कसे नासले हे देशापुढे आहे.

म्हणून क्रोमियम आधी ट्रायव्हॅलंट करून घ्यायचा, मग बाकीचे. हे काम पातळ सांडपाण्यातच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचे होते. क्रोमचे पाणी वेगळ्या टाकीत घ्यायचे, सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते ३ वर आणायचा आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचे. हिशेबाने एक किलो क्रोमियमला पावणेतीन किलो लागते. प्रत्यक्षात तीन किलो किंवा थोडे जास्त धरावे. ओआरपी मीटर (ऑक्सिडीकरण-क्षपणाची पातळी दाखवणारे) २५० ते ३०० मिलिव्होल्टच्या खाली येईपर्यंत ढवळत राहायचे. पिवळा-नारिंगी रंग जाऊन हिरवट येतो. या पीएचला वीस-तीस मिनिटांत प्रक्रिया होते. पीएच ४ च्या वर असेल तर ती रेंगाळते, आणि पाळी संपवायच्या घाईत हिरवट झाक दिसताच चुना ओतला जातो. चुना पडला की पीएच चढतो, मेटाबायसल्फाइटचे काम थांबते आणि उरलेला क्रोमेट फिल्टर प्रेसच्या केकमध्ये, म्हणजे पाणी पिळून निघालेल्या गाळाच्या वड्यांत, अडकून पुढे जातो. टाकीवर झाकण आणि हवा ओढणारा पंखा असलाच पाहिजे, कारण या टप्प्यात सल्फर डायऑक्साइड सुटतो.

केकमध्ये क्रोमेट आधीच शिरला असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कामाला येते. त्याची खुबी अशी की ते उदासीन किंवा अल्कली पीएचलाही क्रोमेट ट्रायव्हॅलंटवर उतरवते. खोट अशी की प्रमाण भारी लागते, एका किलो क्रोमियमला सोळा किलो, आणि वर लोखंडाचा गाळ वाढतो. उदाहरण घ्या. शंभर किलो ओल्या केकमध्ये ५० ग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असेल तर हिशेबाने ८०० ग्रॅम हिराकस पुरते. पण घट्ट केकमध्ये ते सगळीकडे पोहोचत नाही आणि काही भाग हवेनेच वाया जातो, म्हणून दुप्पट-तिप्पट, म्हणजे १.६ ते २.४ किलो, पाण्यात विरघळवून घालावे लागते. कोरडे खडे भुरभुरू नयेत. गोणी उघडून बघावी: ताजे हिराकस फिकट हिरवे, काचेसारखे असते. तपकिरी-पिवळे पडलेले हिराकस फेरिक झालेले असते आणि क्रोमेटवर त्याचा काही उपयोग नसतो. पावसाळ्यात उघड्या गोणीची ही गत लवकर होते, आणि माल तोच आहे म्हणून वजन करून तेच टाकले जाते.

क्रोमेट उरला की नाही हे बघायची सोपी चाचणी आहे. दहा ग्रॅम केक शंभर मिलिलिटर पाण्यात हलवायचा, गाळायचा, गाळलेल्या पाण्यात थोडे सल्फ्युरिक आम्ल आणि डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाकायचे. जांभळट-लाल रंग आला तर क्रोमेट शिल्लक आहे. मात्र पाण्यात जादा फेरस उतरले असेल तर आम्ल पडताच ते उरलेल्या क्रोमेटला खाऊन टाकते, रंग येत नाही आणि खोटा दिलासा मिळतो. म्हणून ही चाचणी रोजच्या कामापुरती. अंतिम अहवालासाठी अल्कलीत अर्क काढून हेक्झाव्हॅलंट क्रोमियम स्वतंत्र मोजून घ्यावा.

बाकीच्या कटकटी थोडक्यात. सायनाइडचे पाणी कधीही आम्लाच्या टाकीशेजारून नेऊ नये. दोन्ही मिसळले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागीच जातो. सायनाइड आधी पीएच १० च्या वर ठेवून क्लोरिनने मोडावे लागते. पारा सिमेंटने धरला जात नाही, त्याला आधी सल्फाइडच्या रूपात बांधावे लागते. आर्सेनिक ट्रायव्हॅलंट असेल तर आधी ऑक्सिडीकरण आणि मग लोहाच्या क्षारासोबत साका. नुसते कॅल्शियमने बांधलेले आर्सेनिक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पुढे सुटू लागते. इलेक्ट्रोलेस निकेलच्या टाकीत सायट्रेटसारखी द्रव्ये असतात, ती निकेलला धरून ठेवतात. पीएच कितीही वाढवा, निकेल पाण्यातच. असे पाणी इतर पाण्यात सोडले की बाकीचे धातूही त्याच्या नादाला लागतात. म्हणून ते बादलीभर असले तरी वेगळे ठेवावे.

आता मिश्रण. फिल्टर प्रेसमधून निघालेल्या केकमध्येही ६० ते ७५ टक्के पाणी असते. हाताला तो घट्ट लागतो म्हणून फसू नये. सुरुवातीची चाचणी एक-एक किलोच्या चार-पाच घाण्यांवर करावी. ओल्या केकच्या वजनाच्या १०, १५, २०, २५ आणि ३० टक्के सिमेंट, आणि त्यातल्या दोन-तीन घाण्यांत औष्णिक वीज केंद्राची राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी). मध्यम प्रतीच्या क्रोम-निकेल केकसाठी शंभर किलो केक, २० ते २५ किलो सिमेंट आणि तेवढीच राख हा अंदाज सुरुवातीला धरायला हरकत नाही. अंतिम प्रमाण मात्र निक्षालन चाचणीच, म्हणजे ब्लॉकमधून किती धातू सुटतो याची चाचणीच, ठरवील. दुकानात सहज मिळते ते बहुधा पीपीसी (राख मिसळलेले पोझोलाना सिमेंट). त्यात आधीच १५ ते ३५ टक्के राख असते. ओपीसीवर (राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटवर) बसवलेले प्रमाण तसेच उचलून पीपीसी वापरली आणि वर दीपनगरच्या वीज केंद्राची राख घातली, की चुना कमी पडतो, ब्लॉक आठवडाभर भुसभुशीत राहतो आणि पीएचही हवा तेवढा टिकत नाही. शिवाय राखेत स्वतःचे धातू असतात, तिचीही एकदा तपासणी करून घ्यावी. स्लॅग सिमेंट मिळाले तर क्रोमच्या गाळाला ते जास्त बरे. स्लॅगमधला सल्फाइड क्रोमेटला उतरवायला थोडा हातभार लावतो.

क्रम असा. केकची ढेकळे फोडायची. हिराकसाचे पाणी घालून कालवायचे आणि किमान काही तास, शक्य तर रात्रभर, झाकून ठेवायचे. क्रोमेटची चाचणी घ्यायची. ती साफ आल्यावर चुन्याने पीएच ८.५ ते ९.५ वर आणायचा. मग राख, आणि सगळ्यात शेवटी सिमेंट. सिमेंट पडल्यावर पाच ते दहा मिनिटे एकजीव करून अर्ध्या-पाऊण तासात साच्यात भरायचे. यासाठी स्लॅब टाकताना वापरतात तो फिरत्या ड्रमचा मिक्सर चालत नाही. चिकट गाळाचे त्यात लाडू वळले जातात, बाहेरून सिमेंटचा थर आणि आत कोरा गाळ. पॅन मिक्सर किंवा पॅडल मिक्सर हवा. घमेल्याने, फावड्याने तर मुळीच करू नये. सिमेंटच्या अल्कलीने कातडी सोलवटते आणि धूळ छातीत जाते. कालवताना अमोनियाचा भपका आला तर गाळात अमोनियमचे क्षार आहेत असे समजावे आणि उघड्या हवेत, तोंडावर मास्क असेल तरच पुढे जावे. ॲल्युमिनियमचा बारीक चुरा गाळात असेल तर अल्कलीत हायड्रोजन सुटतो, मिश्रण फुगते आणि ब्लॉक पावासारखा पोकळ निघतो. अशा गाळाजवळ ठिणगीही नको.

घट्ट न होण्याची कारणे बहुतेक वेळा गाळातच असतात. जस्त आणि शिसे सिमेंटच्या कणांभोवती पडदा धरतात आणि सेटिंग लांबवतात. गॅल्व्हनायझिंगच्या गाळात दुसऱ्या दिवशीही बोट रुतते, आणि मग घाबरून वरून आणखी सिमेंट ओतले जाते, ज्याने शिसे-जस्ताचा पीएच आणखी बिघडतो. अशा वेळी थांबावे. चुना आधी घालून जस्त बसवून घेतले तर उशीर कमी होतो. तेल-ग्रीस दोन-तीन टक्क्यांच्या वर गेले की बंधच धरत नाही. साखर तर सिमेंटची वैरीण. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखरही सेटिंग अडवायला पुरते. आपल्याकडे अन्नप्रक्रियेचे उद्योग शेजारी-शेजारी आहेत, कारखान्याच्या कॅन्टीनचे खरकटे पाणीही अनेकदा त्याच ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) सोडलेले असते. गाळ का सेट होत नाही याचे उत्तर कधी कधी तिथे सापडते. सल्फेटची गोष्ट उलटी: ब्लॉक छान सेट होतो, महिन्यांनी फुगतो आणि तडकतो. मेटाबायसल्फाइट आणि हिराकस दोन्हींतून सल्फेट येतेच, म्हणून क्रोमच्या गाळाला सल्फेटरोधक सिमेंट किंवा स्लॅग सिमेंट वापरावे.

क्युरिंगबाबत गवंडीकामाची सवय इथे मोडावी लागते. घराच्या भिंतीवर आपण दिवसातून दोनदा पाणी मारतो. गाळाच्या ब्लॉकवर पाणी मारले तर खाली निथळते ते पाणी म्हणजे धातूचा पहिला अर्क, आणि तो गटारात जातो. दुसरीकडे, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या ४४-४५ अंशांत ब्लॉक उघडा ठेवला तर सिमेंटची क्रिया पुरी व्हायच्या आत पाणी उडून जाते आणि तडे पडतात. म्हणून साच्यातून काढल्यावर जाड प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून सावलीत, पक्क्या कोब्यावर, २८ दिवस. सातव्या दिवशी दाब-ताकद बघावी. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने भूभरावात (लँडफिलमध्ये) टाकायच्या अशा ब्लॉकसाठी ५० पीएसआय, म्हणजे साधारण साडेतीन किलो प्रति चौरस सेंटिमीटर, ही किमान ताकद सुचवली आहे. बांधकामाच्या मानाने ती अगदीच नगण्य आहे, हे लक्षात असू द्यावे. वरच्या दगडमातीचे ओझे पेलण्यापुरती ती असते, गाडीच्या चाकाखाली टाकण्यासाठी नाही. आणि ताकद चांगली आली म्हणजे धातू बांधला गेला, हा निष्कर्षही काढता येत नाही. क्रोमेट भरलेला ब्लॉक हातोड्याने फुटणार नाही इतका टणक असू शकतो.

मग खरी परीक्षा टीसीएलपी, म्हणजे आम्लातली निक्षालन चाचणी. ब्लॉक फोडून साडेनऊ मिलिमीटरपेक्षा बारीक करायचा, वजनाच्या वीस पट ॲसेटिक आम्लाच्या द्रावात मिनिटाला ३० फेऱ्यांनी १८ तास फिरवायचा, गाळायचा आणि धातू मोजायचे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील अनुसूची २ प्रमाणे अर्कात शिसे ५, क्रोमियम ५, कॅडमियम १, आर्सेनिक ५, पारा ०.२, निकेल २०, तांबे २५ आणि जस्त २५० मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादा आहेत. यावरून एक सोपा ठोकताळा निघतो. द्राव वीस पट असल्याने गाळातले एकूण शिसे किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते सगळे सुटले तरी ५ च्या वर जाऊ शकत नाही. आधी एकूण धातू मोजले तर काही गाळांची महागडी चाचणी वाचते.

अहवाल वाचताना दोन जागी बोट ठेवावे. एक, शेवटचा पीएच. सिमेंट कमी असेल तर आम्ल त्याला पुरून उरते, पीएच ५-६ वर येतो आणि धातू सुटतात. सिमेंट भरपूर असेल तर आम्ल संपते आणि पीएच कधी ९-१० वर येऊन थांबतो. तेव्हा शिसे-जस्ताचा आकडा नशिबाने देखणा येतो. उघड्यावरच्या ब्लॉकला मात्र ॲसेटिक आम्ल भेटत नाही, साधे पावसाचे पाणी भेटते, आणि सुरुवातीला त्याच्या पृष्ठभागावर पीएच १२ च्या आसपासच असतो. म्हणून साध्या पाण्यातली निक्षालन चाचणीही सोबत मागावी. दुसरी जागा पातळीकरणाची. शंभर किलो केकच्या अर्कात शिसे १२ होते. २५ किलो सिमेंट आणि २५ किलो राख घालून वजन दीडशे झाले आणि शिसे ८ वर आले. कागदावर सुधारणा दिसते, पण १२ ला १०० ने गुणून १५० ने भागा, ८ च येतात. म्हणजे बांधले काहीच गेले नाही, फक्त विरळ झाले. याच हिशेबाने नुसती मुरूम-माती मिसळून २४० किलो केले तरी अर्क ५ वर येईल. ही प्रक्रिया नव्हे, आणि तपासणाऱ्याने असा अहवाल स्वीकारू नये.

सगळे जमले, अहवाल साफ आला, तरी ब्लॉकची जागा अस्तर घातलेल्या सुरक्षित भूभरावातच: खाली सेकंदाला मिलिमीटरच्या एक दशलक्षांशाहूनही कमी वेगाने पाणी जाऊ देणारी दाबलेली चिकणमाती आणि त्यावर दीड मिलिमीटर एचडीपीई प्लॅस्टिकचा पडदा. घातक कचऱ्यापासून विटा, पेव्हर किंवा दुसरा माल करायचा असेल तर त्याच नियमांतल्या नियम ९ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वतंत्र परवानगी लागते. कारखान्याच्या आवारात परस्पर कालवून पाया भरणे यात कुठेही बसत नाही. "काळ्या मातीतून पाणी कुठे झिरपते?" असा युक्तिवाद ऐकू येतो. काळी माती ओली असताना फुगून घट्ट होते हे खरे. पण मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. तिच्याखाली सांध्यांनी भरलेला बेसाल्ट, तापीकाठी खोल गाळाची जमीन, आणि त्यावर चालणाऱ्या विहिरी-बोअर. रावेर-यावलची केळी याच पाण्यावर आहे. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा ०.०५, शिशाची ०.०१ आणि कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. टीसीएलपीच्या मर्यादेपेक्षा ती शंभर ते पाचशे पटींनी कडक. भूभरावात "पास" झालेला ब्लॉक विहिरीजवळही "पास" असे समजण्याची चूक इथे महागात पडते.

छोट्या कारखानदाराने हे सगळे स्वतः करावे असे आमचे म्हणणे नाही, किंबहुना करूच नये. सिमेंटचे काम परवानाधारक केंद्रावर व्हावे. कारखान्यात व्हायला हवे ते एवढेच: क्रोम, सायनाइड, निकेल आणि आम्ल यांची पाणी वेगवेगळ्या पाइपांनी, क्रोमियम टाकीतच उतरवणे, केक शक्य तितका पिळून कोरडा करणे, छपराखाली, कट्टा बांधलेल्या कोब्यावर लेबल लावून ठेवणे आणि ९० दिवसांच्या आत मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) पाठवणे. पीव्हीसी पाइपच्या कारखान्यांनी शिशाच्या जुन्या स्टॅबिलायझरचा उरलेला साठा, रिकाम्या पिशव्या आणि बॅग फिल्टरची धूळही याच हिशेबात धरावी. २०२१ च्या नियमांनी पाइपमधल्या शिशावर बंधने आणली, पण गोदामातली धूळ त्याने आपोआप जात नाही.

अडचण खरी आहे ती वाहतुकीची. राज्यातली ओळखीची केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. चार पिंपांसाठी तिथे गाडी पाठवणे परवडत नाही, म्हणून पिंपे मागच्या भिंतीला साचत जातात आणि मग सिमेंट-पेव्हरचे सल्ले गोड वाटू लागतात. यावर तोडगा सोपा आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या उद्योजक संघटनांनी औद्योगिक विकास महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याशी बसून दर दोन महिन्यांनी ठरलेल्या तारखेला एक परवानाधारक गाडी फिरवावी. प्रत्येक युनिटचे मॅनिफेस्ट वेगळे, पिंपे सीलबंद, आम्लाचा आणि सायनाइडचा माल एका फेरीत नाही. पहिली फेरी मेअखेरीस निघावी, कारण त्यानंतर पिंपांत पावसाचे पाणी शिरते, वजन वाढते आणि केंद्रावर ओला माल परत पाठवला जातो.

कळावे,
आपले,
औद्योगिक सांडपाणी व घातक कचरा या क्षेत्रात काम करणारे काही अभियंते आणि रसायनतज्ज्ञ,
जळगाव